शोभाही, संरक्षणही : इंग्रजी नाण्यांची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या जाऊबाईंना सासूबाईंच्या ट्रंकेत एक छोटी डबी सापडली. डबीत कापूस आणि कापसात गुंडाळलेली एक गिनी. एका बाजूला दाढीवाल्या राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणारा वीर, खाली साल १९११. पुतण्यानं लगेच मोबाइल काढला आणि म्हणाला, "काकू, असली नाणी लंडनला कोटीला जातात!" झालं, घरात एकच गलका. जाऊबाई तर चिंच आणि मीठ घेऊन ती गिनी घासायलाच बसणार होत्या. मी त्यांचा हात धरला. का धरला, आणि ती गिनी खरंच कोटीची निघाली का, हे शेवटी सांगते. त्याआधी या इंग्रजी नाण्यांची गोष्ट ऐका. त्यात राजे-राण्या आहेतच, पण इतिहासाच्या पुस्तकात सहसा न भेटणाऱ्या काही बायकाही आहेत.

आधी नावापासून सुरुवात करू. आपण जिला गिनी म्हणतो, ती बहुतेक वेळा गिनी नसतेच. खरी गिनी इंग्लंडात १६६३ साली निघाली, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात. हा चार्ल्स आपल्या ओळखीचा आहे. पोर्तुगालच्या कॅथरीन राजकन्येशी त्याचं लग्न ठरलं आणि हुंड्यात त्याला मुंबई बेट मिळालं. पुढे १६६८ मध्ये त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. त्याच्या नव्या सोन्याच्या नाण्याला लोक गिनी म्हणू लागले, कारण सोनं आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येत होतं. ते आणणाऱ्या आफ्रिकन कंपनीची खूण म्हणून काही नाण्यांवर राजाच्या डोक्याखाली इवलासा हत्ती असायचा. दिसायला गोड, पण हीच कंपनी त्याच किनाऱ्यावरून माणसंही जहाजात भरून गुलाम म्हणून विकत होती. ते हत्तीचं चित्र पाहताना हे विसरता येत नाही. पुढे १७२९ च्या काही गिन्यांवर 'ई. आय. सी.' अशी अक्षरं आली. ते सोनं आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीनं पुरवलेलं होतं.

गिनीची किंमत १७१७ मध्ये एकवीस शिलिंग ठरली. वीस शिलिंगांचा एक पौंड, बारा पेन्सांचा एक शिलिंग, म्हणजे पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स. आपल्या रुपया-आणे-पैसारखंच किचकट गणित. आपण १९५७ मध्ये त्यातून सुटलो, इंग्रज १९७१ पर्यंत तेच घोकत बसले. गिनी बंद पडल्यावर १८१७ मध्ये तिच्या जागी वीस शिलिंगांचं नवं सोन्याचं नाणं आलं, सॉव्हरिन. बावीस कॅरट सोनं, वजन आठ ग्रॅमला किंचित कमी, म्हणजे पाऊण तोळ्याच्याही आत. पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिरानं त्यावर घोडेस्वार संत जॉर्ज कोरला. आपल्या घरांत सापडतं ते हेच नाणं, फक्त गिनी हे जुनं नाव त्याला चिकटून राहिलं.

आता नाणं हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवा. बारीक दाते लागतील. हे दाते उगाच नाहीत. पूर्वी नाणी हातोडीनं ठोकून पाडत. ती ओबडधोबड असत, त्यामुळे लोक कात्रीनं त्यांच्या कडा हळूच कापून चांदी गोळा करत आणि उरलेलं नाणं त्याच किमतीला खपवत. यावर उपाय म्हणून १६६२ पासून यंत्रावर नाणी पाडायला सुरुवात झाली आणि कडेवर दाते किंवा अक्षरं आली. मोठ्या नाण्यांच्या कडेवर तीन लॅटिन शब्दांचं वाक्य कोरलं जाई, 'डेकस एट टुटामेन'. अर्थ असा, की शोभाही आणि संरक्षणही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला इंग्लंडचा राजा नाही, माझी आजी आठवली. दागिना कशासाठी असतो असं तिला विचारलं असतं, तर तिनं हेच दोन शब्द सांगितले असते.

पण या संरक्षणाची दुसरी बाजू भयंकर होती. नाण्याची कड कापणं किंवा खोटं नाणं पाडणं हा राजद्रोह मानला जाई. पुरुषाला त्यासाठी फाशी व्हायची. बाईला मात्र खांबाला बांधून जाळायची शिक्षा होती. कायद्याच्या पंडितांचं म्हणणं असं, की राजद्रोही पुरुषाच्या देहाची चारचौघांत चिरफाड होते तशी बाईची करणं सभ्यपणाचं नाही. म्हणून जाळायचं! १८ मार्च १७८९ रोजी लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर कॅथरीन मर्फी नावाच्या बाईला ही शिक्षा झाली. गुन्हा खोटी नाणी पाडल्याचा. तिचा नवराही त्याच दिवशी, तिथंच फासावर गेला. तिला आधी गळफास देऊन मारलं आणि मग देहाला आग लावली. इंग्लंडात अशी जाळली गेलेली ती शेवटची स्त्री. पुढच्याच वर्षी, १७९० मध्ये, ही शिक्षा कायद्यानं बंद झाली. लिलावाच्या यादीत जुन्या खोट्या नाण्यांनाही कधीकधी गिऱ्हाईक असतं. तसं नाणं पाहिलं की मला कॅथरीन आठवते. तिचं चित्र कुठल्या नाण्यावर नाही.

आता जिचं चित्र नाण्यावर आहे अशा एका बाईकडे वळू. ॲन राणी १७०२ मध्ये गादीवर आली. सतरा वेळा ती गरोदर राहिली, पण एकही मूल मोठं होऊन मागे राहिलं नाही. एकुलता एक जगलेला मुलगा विल्यम, तोही १७०० मध्ये अकरा वर्षांचा असताना गेला.  गादीवर आली त्याच वर्षी स्पेनच्या व्हिगो बंदरात इंग्रज आणि डच आरमारानं स्पेनचा खजिन्याचा ताफा गाठला. लंडनला मोठा जल्लोष झाला. प्रत्यक्षात बराचसा खजिना आधीच किनाऱ्यावर उतरवून गेला होता. टांकसाळीत सोनं पोचलं ते तीन किलोलाही कमी. त्या वेळी टांकसाळीचा प्रमुख कोण होता, तर झाडावरून पडणाऱ्या सफरचंदाच्या गोष्टीतला आयझॅक न्यूटन. विजय फार मोठा होता असं दिसायला हवं, म्हणून त्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर राणीच्या चित्राखाली 'व्हिगो' अशी अक्षरं घातली गेली. त्यातली पाच गिन्यांची मोठी नाणी फार तर वीस निघाली.

या वीसपैकी एका नाण्याची गोष्ट ऐका. इंग्लंडात एका आजोबांनी आपल्या नातवाला खेळायला म्हणून जुनी नाणी दिली होती. पोरगा चाचे-चाचे खेळायचा आणि ती नाणी म्हणजे त्याच्या लुटीचा खजिना. मोठेपणी त्यानं ती तपासायला नेली, तर त्यात १७०३ चं व्हिगोचं पाच गिन्यांचं नाणं! नोव्हेंबर २०१६ मध्ये एसेक्समधल्या लिलावात त्यावर सव्वादोन लाख पौंडांची बोली लागली. त्या वेळच्या भावानं जवळजवळ दोन कोटी रुपये. पुतण्यानं मोबाइलवर वाचलं होतं ते असलंच काहीतरी असणार.

मग असा लिलाव चालतो तरी कसा? लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल, किंवा लिलावाची भिशी लावली असेल, तर निम्मं तुम्हाला आधीच समजलं आहे. लिलाव करणारं घर आधी यादी छापतं. प्रत्येक नाण्याला क्रमांक, फोटो, वजन, अवस्था आणि अंदाजे किंमत. विकणाऱ्यानं गुपचूप एक किमान आकडा ठरवलेला असतो, त्याखाली नाणं सुटत नाही. घेणारे आधी येऊन भिंगाखाली नाणं पाहून जातात. लिलावाच्या दिवशी कुणी समोर बसून हात वर करतं, कुणी फोनवरून बोलतं, कुणी आधीच आकडा लिहून ठेवून जातं. शेवटच्या बोलीला हातोडा पडतो.

आता खरी मेख ऐका. हातोडा पडला तो आकडा म्हणजे अखेरचं बिल नव्हे. घेणाऱ्याला त्यावर लिलावघराचं कमिशन द्यावं लागतं. २०२१ मध्ये डेव्हनमधल्या एका शेतात, धातू शोधायचं यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला तिसऱ्या हेन्री राजाचा सोन्याचा पेनी सापडला. तो १२५७ सालचा. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात हातोडा पडला पाच लाख चाळीस हजार पौंडांवर. घेणाऱ्याला मोजावे लागले सहा लाख अठ्ठेचाळीस हजार! म्हणजे शंभरावर वर वीस. विकणाऱ्याकडूनही बहुतेक घरं वेगळं कमिशन कापतात. म्हणून जुने संग्राहक लिलावाला जाण्याआधी घरीच कागदावर मांडून बसतात, की कमिशनसकट आपण कुठे थांबायचं. भर लिलावात अंगात वारं शिरतं. शेजारच्यानं हात वर केला की आपलाही जातो. साडीच्या सेलमध्ये आपल्याला हा अनुभव आहेच.

हेन्रीचा तो पेनी इतका महाग का? जुना आहे म्हणून? नाही. इंग्लंडच्या शेतांत रोमन काळातली, दीड हजार वर्षांहून जुनी तांब्याची नाणी इतकी सापडतात, की ती अगदी थोडक्यात मिळतात. हेन्रीनं पेनीची किंमत चांदीचे वीस पेन्स ठरवली होती. पण आतलं सोनंच काही वर्षांत त्याहून महाग झालं आणि लोकांनी ती नाणी वितळवून टाकली. आज जेमतेम आठ नमुने माहीत आहेत. किंमत वयाला नसते, उरलेल्या संख्येला असते.

दुसरं उदाहरण आठव्या एडवर्डचं. १९३६ च्या जानेवारीत तो राजा झाला आणि सिंप्सनबाईंशी लग्न करायचं म्हणून डिसेंबरात गादी सोडली. रीत अशी, की प्रत्येक नव्या राजाचं तोंड नाण्यावर आधीच्या राजाच्या उलट दिशेला असतं. एडवर्डनं हट्ट धरला, माझी डावी बाजू चांगली दिसते, तीच हवी! नमुन्याची थोडी नाणी पाडली गेली आणि ती बाजारात यायच्या आधीच राजा गेला. त्याचं एक सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेलं. सोनं त्यात तेवढंच, आठ ग्रॅमच्या आतलं, जेवढं आमच्या डबीतल्या गिनीत. आणि १९३३ च्या तांबड्या पेनीत तर सोनं औषधालाही नाही. त्या वर्षी बाजारात पेन्या भरपूर होत्या म्हणून टांकसाळीनं मोजून सहा-सात पाडल्या, त्यातल्या काही नव्या इमारतींच्या पायाच्या दगडाखाली ठेवायला. लीड्समधल्या एका चर्चच्या पायातून त्यातली एक १९७० मध्ये चोरीलाच गेली!

हे सगळं ऐकून वाटेल, नाणी जमवणं म्हणजे लक्षाधीशांचा नाद. म्हणून मला सारा सोफिया बँक्सबद्दल सांगायचं आहे. प्रसिद्ध शास्त्रज्ञ जोसेफ बँक्सची ही बहीण, जन्म १७४४ चा. लग्न केलं नाही, भाऊ-भावजयीबरोबर लंडनला राहिली. भावाच्या घरी सरदार, शास्त्रज्ञ, टांकसाळीचे अधिकारी यायचे. पण सारा काय जमवायची, तर लोकांनी टाकून दिलेलं. नाटकाची तिकिटं, भेटीला येणाऱ्यांची कार्डं, दुकानांच्या जाहिराती आणि नाणी. त्या काळी सरकारी तांब्याची नाणी पुरत नव्हती, म्हणून व्यापारी आणि कारखानदार आपापली तांब्याची बिल्ली पाडून मजुरीत द्यायचे. पुरुष संग्राहकांना ग्रीक-रोमन नाण्यांचं वेड. सारानं मात्र ही बिल्ली निघतील तशी गोळा केली, आणि कोणतं नाणं कुणाकडून आलं हे वह्यांमध्ये नीट लिहून ठेवलं. फुगलेल्या मोठाल्या खिशांत पुस्तकं कोंबून ती रस्त्यानं चालली की लोक हसायचे. १८१८ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्याकडे नऊ हजारांहून जास्त नाणी, पदकं आणि बिल्ली होती. ती ब्रिटिश म्युझियम आणि टांकसाळीच्या संग्रहालयाला मिळाली. त्या काळातल्या मजुराच्या हातात कोणता पैसा पडत होता, हे जाणायचं असेल तर अभ्यासकांना आज तिच्या वह्या उघडाव्या लागतात. लिलावाच्या जगात नाण्याच्या या वंशावळीला फार मोल आहे. हे नाणं आधी कुणाकडे होतं, त्याआधी कुणाकडे, हे कागदावर असेल तर किंमतही वाढते आणि चोरीच्या मालाची भीतीही जाते.

आणखी एक नाणं, ते तर मला फार आवडतं. ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ ची एक साधी पेनी आहे, सातव्या एडवर्ड राजाचं डोकं असलेली. त्या डोक्यावर कुणीतरी एकेक अक्षर ठोकून लिहिलं आहे, 'स्त्रियांना मत द्या'. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांच्या चळवळीच्या काळातली ही खूण. नाणं खराब करणं गुन्हा होता. पण पेनीसारख्या चिल्लर नाण्याचा माग काढून ते परत गोळा कोण करणार? ते बाजारात हातोहात फिरत राहिलं, आणि राजाच्या तोंडावर छापलेली मागणी घरोघर पोचली. १९१८ मध्ये इंग्लंडात तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांना मत मिळालं, आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं सगळ्यांना. ओरखडा पडलेल्या नाण्याची किंमत उतरते, हा बाजाराचा नियम. या पेनीवरच्या ओरखड्यांनीच तिला म्युझियममध्ये नेऊन बसवलं.

आता आमच्या गिनीकडे येते. १९१८ साल निघालंच आहे, म्हणून सांगते. पहिल्या महायुद्धाच्या त्या वर्षी मुंबईच्या टांकसाळीतही सॉव्हरिन पाडली गेली, फक्त त्या एकाच वर्षी. तारखेच्या वर जमिनीच्या रेषेवर बारीक इंग्रजी 'आय' अक्षर असेल, तर ते नाणं मुंबईचं. तशी तेरा लाखांच्या आसपास निघाली, त्यामुळे ती काही कोटीची वस्तू नाही. पण आपल्या गावची आहे, ही मजा. आमच्या गिनीवर भिंगातून पाहिलं. 'आय' नाही, १९११ ची साधी लंडनची. शिवाय माळेत ओवण्यासाठी तिला कधीतरी कडी डाखलेली, ती पुढे काढून टाकलेली, त्याचा डाग कडेवर. म्हणजे संग्राहकाच्या लेखी तिची किंमत सोन्याएवढीच. पुतण्याचं तोंड एवढंसं झालं.

तरी काही गोष्टी लक्षात ठेवा. जुनं नाणं कधीही घासू नका. चिंच नको, मीठ नको, राखुंडी नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. घासलं की वरचा नाजूक थर जातो आणि जाणकाराला ते एका नजरेत कळतं. बोटांनी कडेला धरा, तोंडाला नाही. वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि घरात कुणाकडून आलं ते वहीत लिहा, सारा बँक्ससारखं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "तुमचं नाणं लाखोंना घेतो, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी अशा फोनवर आधी फी भरली, मग कर भरला, मग आणखी काहीतरी भरलं. शेवटी तो नंबरच बंद. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे, की आपण जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करत नाही आणि त्यासाठी कुणाकडून पैसे मागत नाही. खरा खरेदीदार नाणं पाहून पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते आपल्याला परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि शेतात किंवा पायात गाडलेलं धन सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

हा सगळा हिशेब मी घरी सांगत होते, तेव्हा सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ती कडी मीच काढवली. बहात्तरच्या दुष्काळात माळ मोडली. बाकीच्या गिन्या विकल्या, ही एवढी सोनाराकडे गहाण ठेवली. तिच्यावर पोरांची शाळा सुटली नाही. तीन वर्षांनी सोडवून आणली, मग पुन्हा गळ्यात घालावीशीच वाटली नाही."

जाऊबाईंनी चिंच परत डब्यात टाकली. गिनी आम्ही तशीच, डागासकट, कापसात ठेवली आहे. फरक एवढाच, की डबीत आता एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय, ही कुणाची, कुठल्या वर्षी गहाण पडली आणि कशासाठी. तुमच्याही घरात असं एखादं नाणं असेल, राणीछाप रुपया असेल, भोकाचा पैसा असेल. विकायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पण त्याची गोष्ट माहीत असणारं माणूस घरात आहे तोवर ती लिहून घ्या.